पी-कोट आतून बघायचा

(दृश्य: टेबलावर पसरलेला गडद निळा लोकरी कोट. कॅमेरा कॉलरवरून हळूहळू खिशाकडे येतो.)

हा अमेरिकी नौदलाचा पी-कोट. जाड लोकर, बटणांच्या दोन रांगा, आणि वारा सुटला की कानापर्यंत उभी करता येणारी रुंद कॉलर. विसाव्या शतकात खलाशांच्या कित्येक पिढ्यांनी याच कोटावर डेकवरची थंडी काढली. आज जुन्या कपड्यांच्या बाजारात त्याला चांगला भाव येतो, त्यामुळे नकलाही भरपूर. बाहेरून अस्सल-नक्कल कळणं कठीण. म्हणून पी-कोट घ्यायचा तर आतून बघून घ्यायचा.

(दृश्य: हात खिशात जातो, अस्तर उलटं होऊन बाहेर येतं.)

आधी खिशात हात घाला. दुसऱ्या महायुद्धातल्या कोटाच्या खिशांना आतून कॉर्डरॉय लावलेलं असे, बधिर झालेल्या बोटांना ऊब मिळावी म्हणून. पुढे ते गेलं आणि साधं सुती कापड आलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचा कोट असेल तर पुढे दहा मोठी बटणं दिसतील, आणि बटणावर नांगराभोवती तेरा तारे.

तेरा म्हटलं की अमेरिकेच्या मूळच्या तेरा वसाहती आल्याच. खलाशांच्या जुन्या पँटला पुढे तेरा बटणं असत, तीही वसाहतींच्या मानासाठीच, असं विकणारे हटकून सांगतात. ते खरं नाही. पँटचं पुढचं झाकण मोठं झालं, तेव्हा ते नीट आणि सारखं दिसावं म्हणून बटणं तेरा झाली, एवढंच.

(दृश्य: लेबल, अगदी जवळून.)

आता लेबल. साठ-सत्तरच्या दशकातल्या कोटावर ‘डीएसए’ ही अक्षरं आणि कंत्राटाचा क्रमांक असतो. डीएसए म्हणजे डिफेन्स सप्लाय एजन्सी, सैन्यदलांसाठी खरेदी करणारी संस्था. ती १९६१ मध्ये स्थापन झाली. १९७७ मध्ये तिचं नाव बदललं आणि लेबलवर ‘डीएलए’ आलं. क्रमांकातल्या ‘सी’ या अक्षराच्या अलीकडे दोन आकडे बघा. समजा तिथे ६७ आहे. ते कंत्राटाचं आर्थिक वर्ष. तेव्हा अमेरिकेचं सरकारी वर्ष जुलैत सुरू व्हायचं, म्हणजे कंत्राट जुलै १९६६ ते जून १९६७ मधलं. मापही बघून घ्या. नौदलाच्या कोटावर छातीचं माप इंचांत असतं, ३८ किंवा ४०. नुसतं ‘मीडियम’, ‘लार्ज’ दिसलं, तर तो बहुधा दुकानासाठी शिवलेला.

लेबल फाटलं असेल तर कापडावर जायचं. साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत केर्सी नावाची लोकर वापरत. तिची लव आखूड, एका दिशेला बसलेली, उजेडात किंचित चमकणारी. नंतरची मेल्टन सपाट आणि मंद. आणि १९८० च्या सुमारास रंगही गडद निळ्याचा काळा झाला.

(दृश्य: अस्तरावर पांढऱ्या शाईतली पुसट अक्षरं.)

पण माझ्या मते खरा ऐवज पुढे आहे. कपड्यांवर नाव घालण्याचा नौदलात नियमच होता: गडद कापडावर पांढऱ्या शाईने, पांढऱ्यावर काळ्या. ही अक्षरं पुसून कोट ‘स्वच्छ’ करणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका. ब्रश हलक्या हाताने फिरवा, कसर लागली नाही ना ते बघा, रुंद खांद्याच्या हँगरवर टांगा. पण नावाला हात लावू नका.

कारण नावावरून माणूस सापडतो. १९७३ मध्ये सेंट लुईसच्या सरकारी अभिलेखागाराला मोठी आग लागली. भूदल आणि हवाई दलाच्या लाखो फायली जळाल्या. नौदलाच्या फायलींना त्या आगीची झळ बसली नाही. सेवा संपून बासष्ट वर्षं झाली की अशी फाइल कोणालाही मागवता येते. शिवाय महायुद्धातल्या जहाजांच्या हजेरीपटांवर खलाशांची नावं आहेत. अस्तरावरचं आडनाव आणि आद्याक्षरं तिथे जुळली, तर हा कोट घातलेला माणूस कोणत्या जहाजावर होता आणि तिथे केव्हा रुजू झाला, इथपर्यंत माग काढता येतो.