मेंदूला नंतर कळते

तपासणीच्या टेबलाच्या कडेला एक माणूस पाय अधांतरी सोडून बसला आहे. डॉक्टर त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडीने हलकेच ठोका देतात आणि पाय झटक्याने पुढे उडतो. तो त्याने उडवलेला नसतो. उडाल्यावरच त्याला ते कळते. अशा आपोआप घडणाऱ्या हालचालीला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

ठोका बसतो तो वाटी आणि नडगी यांना जोडणाऱ्या कंडरेवर. कंडरा दबली की मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो आणि त्या स्नायूत दडलेले, चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक हा ताण टिपून मेरुरज्जूकडे, म्हणजे कण्यातून जाणाऱ्या चेतांच्या दोरीकडे, संदेश धाडतात. तेथे संवेदना आणणारी संवेदी चेतापेशी थेट हालचालीचा हुकूम नेणाऱ्या प्रेरक चेतापेशीला गाठते, मध्ये तिसरी कोणी नसते, आणि ठोक्यापासून सुमारे 20 मिलिसेकंदांत मांडीचा स्नायू आकसू लागतो. त्याच वेळी त्याच संदेशाची एक शाखा एका मध्यस्थ चेतापेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूंना सैल सोडते. एकाला ओढायला लावताना दुसऱ्याला आवरायचे, ही मेरुरज्जूची खरी हुशारी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडून दाखवली. चेतापेशींच्या कार्यावरील शोधांसाठी त्यांना 1932 चे नोबेल एडगर एड्रियन यांच्यासह मिळाले.

हा मेरुरज्जू जाडीला जेमतेम करंगळीएवढा आणि लांबीला सुमारे 45 सेंटिमीटर असतो. कण्याच्या टोकापर्यंत तो पोहोचतच नाही. कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, आणि म्हणूनच पाठीतले पाणी काढताना सुई त्याच्याही खाली टोचतात. त्यातून चेतांच्या 31 जोड्या निघतात. प्रत्येक चेतेच्या मागच्या मुळातून संवेदना आत येते आणि पुढच्या मुळातून हुकूम बाहेर जातो, हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रान्स्वा माजंदी यांनी 1822 मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले. ते प्रयोग आज वाचतानाही अंगावर काटा येतो.

अनवाणी चालताना बाभळीचा काटा टाचेत रुतला, तर काम इतके सोपे नसते. पाय वर खेचताना गुडघा, घोटा आणि खुबा एकदम दुमडावे लागतात. शिवाय दुसरा पाय त्याच क्षणी ताठ झाला नाही तर माणूस कोसळेल. ही सारी जुळवाजुळव मेरुरज्जूच्या मधल्या करड्या भागातील मध्यस्थ पेशी करतात, आणि ‘आई गं’ तोंडातून निघते ते पाऊल उचलले गेल्यानंतर.

तरीही मेंदूचा वचक असतोच. दुधाचे भरलेले पातेले उतरवताना बोटे पोळली, तरी आपण ते ओट्यावर टेकवेपर्यंत सोडत नाही. हात मागे घेण्याची क्रिया वरून आलेले संदेश रोखून धरतात.

हा वचक संपला की काय होते, ते मेरुरज्जूच्या गंभीर दुखापतीत दिसते. आरंभी दुखापतीखालच्या प्रतिक्षिप्त क्रिया बंद पडतात. काही आठवड्यांनी त्या परततात, पण अनावर होऊन. चादर ओढताना पाय आपोआप आखडतो आणि उशाशी बसलेल्या नातेवाइकांना वाटते, पायात जीव आला. म्हणूनच अशा रुग्णाच्या गुडघ्यावर ठोका देऊन झाला की डॉक्टर हातोडी बाजूला ठेवतात आणि विचारतात, “आता पायाचा अंगठा तुमचा तुम्ही हलवून दाखवता का?”