कोरी जागा कोणी भरायची?

श्रोतेहो, नमस्कार.

केनियातल्या नैरोबी शहरात किबेरा नावाची अवाढव्य झोपडवस्ती आहे. २००९ सालापर्यंत नकाशावर ती जागा जवळजवळ कोरी होती. माणसं दाटीवाटीनं राहत होती, पण कागदावर त्यांचा पत्ताच नव्हता. त्या वर्षी वस्तीतल्याच तरुण मुलामुलींनी जीपीएस यंत्रं घेऊन गल्लीबोळ पायी पालथे घातले. पाण्याच्या जागा, संडास, दवाखाने, शाळा, सगळं ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर नोंदवलं. मग ते नकाशे छापून वस्तीत वाटले. मला हे वाटप फार मोलाचं वाटतं. आपल्याकडून घेतलेली माहिती आपल्याच हाती परत येणं किती दुर्मीळ आहे, हे पाहणीचे अर्ज भरून दमलेल्या कोणालाही विचारा.

"आमच्याकडे पाणी नाही" ही तक्रार झाली. कुठल्या गल्लीत नळ नाही, पुढचा नळ किती पावलांवर आहे, हे नकाशावर दाखवलं की समोरच्या अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

मतं गोळा करण्याचंही तसंच. बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याचं ऐकलं जातं. पोलिस नावाची एक खुली संगणकप्रणाली आहे. (पोलीस खात्याशी तिचा संबंध नाही!) तिच्यात कोणीही एक वाक्य मांडावं, बाकीच्यांनी सहमत, असहमत किंवा 'पुढे' (म्हणजे मत न देता पुढच्या वाक्याकडे) एवढंच म्हणावं. उलट उत्तर द्यायची सोयच नाही, त्यामुळे भांडण पेटत नाही. एरवी एकमेकांना विरोध करणारे गट कुठे एकत्र येतात, तेही दिसतं. तैवानमध्ये २०१५ साली ॲपवरच्या टॅक्सीसेवेचे नियम ठरवताना तिचा उपयोग झाला. अमेरिकेतल्या बोलिंग ग्रीन या लहान शहरानं २०१८ साली आपले प्रश्न असेच समोर मांडले.

पण एक गोष्ट मला टोचते. ज्या आजीकडे फोन नाही, जो मजूर रात्री उशिरा परततो, ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, ते या आकड्यांत येतच नाहीत. माहिती गोळा करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यानं वही घेऊन त्यांच्या दाराशी जायलाच हवं आणि ती नोंदही त्याच नकाशावर, त्याच यादीत चढवायला हवी. नाहीतर किबेरातली कोरी जागा नव्या रूपात परत येते.

म्हणून पुढच्या बैठकीत पडद्यावर रंगीत आलेख दिसला, तर हात वर करा आणि विचारा: यात कोणाच्या घरी आपण गेलोच नाही?