फक्की, चिखल आणि पंच

श्रोतेहो, नमस्कार.

शालेय फुटबॉलचे बरेचसे सामने आपल्याकडे ऐन पावसाळ्यात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं मैदान कसं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. एका बाजूला लाल चिखल, दुसरीकडे जांभ्याचा उघडा कातळ, मधोमध क्रिकेटची खेळपट्टी, आणि रेघा आखायला सकाळी मारलेली फक्की पहिल्याच सरीत वाहून गेलेली. अशा मैदानावर खेळवायचं का, आणि खेळवायचं तर कसं, हे शेवटी पंच ठरवतो. नियमांनीच तो अधिकार त्याला दिलाय. व्यासपीठावर पाहुणे बसलेत, नारळ फुटलाय, म्हणून तो अधिकार कमी होत नाही.

जाणता पंच चांगला तासभर आधी टेप घेऊन मैदानावर येतो. मैदानाच्या लांबी-रुंदीला नियमात बरीच मोकळीक आहे: लांबी 90 ते 120 मीटर, रुंदी 45 ते 90. आतल्या मापांना मात्र नाही. गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच, पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 11 मीटरवर, ‘डी’, म्हणजे गोलसमोरचा पेनल्टीचा चौकोन, 16.5 मीटरचा. गावोगावी हमखास दिसणारा दोष म्हणजे एका टोकाचा डी मोठा आणि दुसऱ्या टोकाचा लहान. दोन टोकांना दोघांनी आपापल्या पावलांनी मोजलेलं असतं, दुसरं काय! हे दुरुस्त करायला खुंट्या, सुतळी आणि पंधरा-वीस मिनिटं पुरतात. काटकोन साधायला गवंड्याची रीत घ्यावी: एका बाजूला 3 मीटर, दुसऱ्या बाजूला 4, आणि तिरकं 5 भरलं की कोपरा बरोबर.

रेघ थोडी नागमोडी असेल तर माझ्या मते तिथे हट्ट धरू नये. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, वाकडेपणा दोघांच्याही वाट्याला येतो. रेघेच्या जाडीकडे मात्र बघावं. नियमाने ती 12 सेंटिमीटरपेक्षा जाड नसावी, आणि गोलरेषा खांबांच्या जाडीइतकीच हवी. आपल्याकडे मुठीने फक्की सोडतात, रेघ वीतभर होते. रेघ हा मैदानाचाच भाग आणि गोल व्हायला अख्खा चेंडू तिच्या पलीकडे जावा लागतो. मग जाडी मैदानाबाहेरच्या अंगाला वाढली असेल, तर जो चेंडू गोल ठरायचा तो रेघेवरच राहतो आणि पुढे भांडण.

त्यात कबड्डी, खो-खो आणि धावण्याच्या ट्रॅकच्या जुन्या रेघा. मातीच्या किंवा गवताच्या मैदानावर फुटबॉलच्या रेघांखेरीज दुसऱ्या रेघा नकोत, असं नियम सांगतो. त्या मातीने पुसाव्यात. पुसल्या जात नसतील तर दोन्ही कर्णधारांना जागेवर नेऊन ‘आजची टचलाइन, म्हणजे लांबीकडची रेघ, ही’ असं बोटाने दाखवावं. रेघ टिकावी म्हणून चर खणून त्यात चुना भरतात, तेही नको. पाय मुरगळतो. चुनाही कळीचा, म्हणजे न विझवलेला, कधीच नको. ओल्या मातीत तो तापतो आणि घसरून पडलेल्या मुलाच्या डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती.

सामना चालू असताना रेघा धुऊन गेल्या तर? चेंडू बाहेर गेला की थांबून ओढून घ्याव्यात. 30 एप्रिल 1977 रोजी इंग्लंडमध्ये डर्बी काउंटी आणि मँचेस्टर सिटी यांच्या सामन्यात पेनल्टी मिळाली, पण चिखलात ठिपकाच सापडेना. मैदान सांभाळणारा गडी टेप आणि रंगाची बादली घेऊन आला, अंतर मोजून ठिपका काढला आणि मग पेनल्टी मारली गेली. पावसाळ्यात फक्कीपेक्षा कोपऱ्यांतले झेंडे जास्त उपयोगी पडतात. निदान दीड मीटर उंच आणि बोथट टोकाचे झेंडे पक्के रोवलेले असले, की सहाय्यक पंच एका झेंड्यावरून दुसऱ्यावर नजर टाकून रेघ धरू शकतो. आणि गोलकीपर मंडळींनी लाल मातीत टाचेने खुणा करू नयेत. त्याला पिवळं कार्ड आहे!

आता जिथे तडजोड नाही ते सांगतो. गोलपोस्ट हलत असेल तर किक-ऑफ नाही. कातळावर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून हलवता येणारे गोल नुसते उभे करून ठेवतात. त्यांच्या मागच्या दांड्यावर वाळूची भरलेली पोती टाकावीत आणि पंचाने स्वतः जोर लावून हलवून बघावं. वरचा दांडा मोडला आणि धड दुरुस्त होत नसेल, तर सामना तिथेच संपतो. त्याच्या जागी दोरी बांधून चालत नाही. वर आलेले चिऱ्याचे तुकडे, फुटक्या बाटल्या वेचून काढाव्यात. उघडा कातळ खेळाच्या जागेत येत असेल तर मैदान आत ओढून आखावं. छोटं चालेल.

पाण्याची परीक्षा सोपी. छातीच्या उंचीवरून चेंडू सोडावा, मग जमिनीलगत ढकलून बघावा. उसळलाच नाही, दोन हातांवर जाऊन थबकला, आणि असं गोलसमोर, मध्यभागी सगळीकडे होत असेल तर थांबावं. एका कोपऱ्यातल्या डबक्यासाठी सामना रद्द करायची गरज नाही. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं मैदान असेल तर थोडी वाट बघणं फायद्याचं, पाणी लवकर ओसरतं. खाली मळ्यातलं मैदान असेल तर वाट बघण्यात दिवस जातो.

अर्धवट थांबलेला सामना स्पर्धेच्या नियमांत वेगळं काही नसेल तर पुन्हा खेळवतात. पंचाने त्यासाठी अहवाल नीट लिहावा. ‘मैदान खराब होतं’ एवढ्याने भागत नाही. कुठे काय दिसलं, कितव्या मिनिटाला, दुरुस्तीला कोणाला सांगितलं, किती वेळ दिला, हे सगळं त्यात हवं. पुढचा सामना त्याच मैदानावर घ्यायचा की नाही, हे आयोजकांना त्या कागदावरून ठरवता आलं पाहिजे.

नमस्कार.