ऑगस्टमधला संघ

(पडद्यावर: करडं आकाश, बर्फाने कडक झालेला रस्ता, नारिंगी टोप्यांची रांग.)

६ जानेवारी २०१८, शनिवार. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं क्लीव्हलँड. एरी सरोवरावरून येणारा वारा कानशिलं बधिर करतोय. अशा थंडीत तीन हजारांहून जास्त माणसं फुटबॉलच्या स्टेडियमभोवती मिरवणुकीने चालली आहेत. कुणाच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा, कुणाच्या हातात फलक, कुणाच्या खांद्यावर पेंगुळलेलं पोर.

संघ जिंकला असेल असं वाटलं ना? संघ हरला होता. १६ पैकी १६ सामने. मिरवणुकीचा मार्ग मुद्दाम गोल ठेवला होता, म्हणजे वरून बघणाऱ्याला एक मोठं शून्य दिसावं.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं. १९६४चं मैदान.)

इथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा, फेकायचा, झेलायचा खेळ. चेंडू आपल्याकडे असतो तेव्हा मैदानात जी ११ माणसं उतरतात ती ‘ऑफेन्स’. समोरचे ११ अडवायला. चेंडू गेला की दोन्हीकडची माणसं बदलतात. म्हणजे एका संघात खरं तर दोन संघ असतात, आणि चाहत्याचा जीव बहुतेक वेळा पहिल्यात अडकलेला असतो. गुण तिथून येतात. अंगावर घालायचे शर्टही त्याच खेळाडूंच्या नावाचे खपतात.

क्लीव्हलँड ब्राउन्स हा काही कालचा संघ नाही. १९६४मध्ये त्यांनी बाल्टिमोरला २७-० असं हरवून विजेतेपद मिळवलं. त्यानंतर आजतागायत एकही नाही. १९९५च्या नोव्हेंबरमध्ये मालकाने जाहीर केलं की संघ बाल्टिमोरला हलवतोय. त्या वर्षीच्या शेवटच्या घरच्या सामन्यात लोकांनी स्टेडियममधली बाकं उखडली. १९९९मध्ये त्याच नावाने, त्याच रंगांत नवा संघ उभा राहिला. तिथून २०१८पर्यंत, म्हणजे वीस वर्षांच्या आत, क्वार्टरबॅकच्या जागेवर ३० वेगवेगळी माणसं सामन्याची सुरुवात करून गेली. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, सगळ्या चढाईचा सूत्रधार. भाडेकरूसुद्धा इतके बदलत नाहीत.

२०१६ आणि २०१७ मिळून ३२ सामने, विजय एक. पहिल्या वर्षानंतर प्रशिक्षक ह्यू जॅक्सन म्हणाले होते की पुन्हा असं झालं तर मी सरोवरात उतरेन. पुन्हा ‘असं’ झालं नाही, त्याहून वाईट झालं. गडी शब्दाला जागला. जून २०१८मध्ये खरोखरच एरीच्या पाण्यात गेला, सोबत संघाच्या कार्यालयातली माणसंही.

(पडद्यावर: रात्रीचं मैदान, दिव्यांचा झगमगाट.)

मग आला बेकर मेफिल्ड. २०१८च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाने घेतलेला, बुटका, तोंडाळ, स्वतःवर प्रचंड विश्वास असलेला. २० सप्टेंबरच्या गुरुवारी न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध संघ १४-० असा मागे होता. नेहमीचा क्वार्टरबॅक डोक्याला मार लागून बाहेर गेला आणि हा आत आला. सामना २१-१७ असा जिंकला. ६३५ दिवसांनी आलेला पहिला विजय! बिअरच्या एका कंपनीने शहरातल्या बारमध्ये कुलूपबंद फ्रिज ठेवले होते, संघ जिंकला की ते आपोआप उघडणार होते. त्या रात्री ते उघडले. आत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

ऑक्टोबरअखेर जॅक्सन यांना काढलं. चढाईची आखणी फ्रेडी किचन्स नावाच्या, तोवर फारसं कुणी न ऐकलेल्या प्रशिक्षकाकडे आली. उरलेल्या ८ सामन्यांत ५ विजय. मेफिल्डचे २७ टचडाउन पास झाले (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे पोचला की टचडाउन), पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी तो तेव्हाचा विक्रम होता.

आता एक आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल. शेवटच्या त्या ८ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मेफिल्डला चेंडूसकट खाली पाडता आलं ते फक्त ५ वेळा.

(पडद्यावर: मार्च २०१९. बातम्यांचे मथळे. पांढऱ्या हातमोज्याचा एका हाताने घेतलेला झेल.)

१२ मार्च २०१९, मंगळवारची संध्याकाळ. बातमी आली की न्यूयॉर्क जायंट्सचा ओडेल बेकहॅम क्लीव्हलँडला येतोय. तोच, २०१४मध्ये डलासविरुद्ध मागे झुकून एका हाताने झेल घेणारा. तो झेल फुटबॉल न बघणाऱ्यांनीही पाहिला होता. क्लीव्हलँडमध्ये त्याचा कॉलेजातला जोडीदार जार्विस लँड्री आधीच होता. पळणाऱ्यांमध्ये निक चब. फेब्रुवारीत करीम हंटही घेतला होता. एका महिलेला ढकलून लाथ मारल्याचं चित्रण बाहेर आल्यावर आधीच्या संघाने त्याला काढून टाकलं होतं, आणि लीगने पहिल्या ८ सामन्यांची बंदी घातली होती. उत्साहाच्या भरात ते कारण फार जणांना आठवायचं नव्हतं.

आणि मग सुरू झाला तो उन्हाळा.

(पडद्यावर: बेरिया गावातलं सराव मैदान. कुंपणाला टेकलेली गर्दी.)

क्लीव्हलँडजवळ बेरिया म्हणून गाव आहे, तिथे संघाचा सराव चालतो. जुलैच्या शेवटी दारं उघडली की माणसं सकाळपासून रांगेत. १९८५मध्ये संघाच्या सरावातच बचावपटू हॅनफोर्ड डिक्सन आणि त्याचा साथीदार कुत्र्यासारखे भुंकून सहकाऱ्यांना चेव आणत. चाहत्यांनी ते भुंकणं उचललं, स्टेडियमच्या पूर्वेकडच्या स्टँडला ‘डॉग पाउंड’ नाव पडलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते भुंकणं जरा जास्तच खणखणीत होतं.

गप्पांचा विषय एकच. बेकहॅमला दोघांनी घेरलं तर लँड्री मोकळा. लँड्रीकडे लक्ष दिलं तर चब मधून घुसणार. चबला अडवायला माणसं पुढे आणली तर मागे बेकहॅम एकटा. अडवणार कुणाकुणाला? कागदावर या गणिताला तोड नव्हती. सट्टेबाजांनी गटात ब्राउन्सला पहिली पसंती दिली. दूरचित्रवाणीवाल्यांनी रात्रीच्या मुख्य वेळेतले चार सामने त्यांच्या पदरात टाकले. किचन्स आता मुख्य प्रशिक्षक झाले होते. लोक चक्क सुपर बोलच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम सामन्याच्या, गोष्टी करत होते. बाजारात तुरी, अन् भट भटणीला मारी.

मी या लोकांना हसणार नाही. १६ पराभवांसाठी थंडीत मिरवणूक काढणाऱ्या माणसाला ऑगस्टमध्ये स्वप्न बघायचा हक्क आहे, थोडा जास्तच आहे. शिवाय त्यांचा एकही आकडा खोटा नव्हता. त्याच मार्चमधल्या दुसऱ्या एका व्यवहाराकडे मात्र फार थोड्यांनी पाहिलं.

(पडद्यावर: पाच धिप्पाड पाठी, खाली वाकलेल्या. संथ गती.)

केव्हिन झाइटलर. नाव ऐकलं नसेल. उजव्या बाजूचा गार्ड. ऑफेन्समध्ये चेंडूपुढे पाच जाडजूड माणसं वाकून उभी असतात. चेंडू फेकणं, झेलणं, घेऊन पळणं, यातलं काही त्यांच्या वाट्याला येत नाही. समोरून दीडशे किलोचा माणूस अंगावर येतो, त्याला थोपवायचं. मागे क्वार्टरबॅकला जे अडीच-तीन सेकंद मिळतात, ती या पाचजणांची कमाई. भिंत पडली की मागचे सगळे दागिने बिनकामाचे.

त्या आधीच्या ८ सामन्यांत मेफिल्ड फक्त ५ वेळा पडला, त्यात झाइटलरचा वाटा मोठा होता. ब्राउन्सनी तो जायंट्सना देऊन टाकला आणि बदल्यात बचावासाठी ऑलिव्हर व्हर्नन घेतला. झाइटलरच्या जागी ऑस्टिन कॉर्बेटला उभं करायचा बेत होता. तो जमला नाही, एरिक कुश उभा राहिला. कॉर्बेटला तर हंगामाच्या मध्यावरच लॉस एंजेलिसला पाठवलं. गार्डच्या नावाचा शर्ट घालून फिरणारा चाहता मी अजून पाहिलेला नाही, म्हणून ऑगस्टच्या गप्पांत ही जागा कुणाला सलली नाही.

(पडद्यावर: ८ सप्टेंबर २०१९. खचाखच भरलेलं स्टेडियम.)

रविवार. समोर टेनेसी टायटन्स. पहिल्याच चढाईत ब्राउन्सचा टचडाउन! स्टेडियम भुंकतंय. त्यानंतरचा एका गुणाचा किक मात्र हुकला. कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या सत्रात डावीकडचा टॅकल ग्रेग रॉबिन्सन, म्हणजे त्याच भिंतीतला माणूस, प्रतिस्पर्ध्याला लाथ मारल्याबद्दल मैदानाबाहेर. बदली आलेला गुडघा धरून बाहेर. मग तिसरा. मेफिल्डला टायटन्सनी ५ वेळा पाडलं. घाईघाईत फेकलेले तीन चेंडू शेवटच्या सत्रात प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले. दंडाच्या शिट्ट्या १८, त्यांचे १८२ यार्ड. बेकहॅम मनगटात लाखभर डॉलरहून महागडं घड्याळ घालून खेळत होता, दुसऱ्या दिवशी निम्मी चर्चा त्या घड्याळाची. निकाल ४३-१३.

घोडं मैदान जवळच होतं, इतकंच म्हणायचं.

पुढचा हंगाम झटपट सांगतो, कारण त्यात रेंगाळण्यासारखं फार नाही. ६ विजय, १० पराभव. नोव्हेंबरात पिट्सबर्गविरुद्ध हेल्मेटने झालेली मारामारी. २९ डिसेंबरला शेवटचा सामना हरले आणि त्याच दिवशी किचन्स यांची नोकरी गेली.

पण आकडे बघा. चब धावला १,४९४ यार्ड, देशात दुसरा. लँड्रीचे १,१७४ यार्ड. ज्याला सगळ्यांनी नावं ठेवली त्या बेकहॅमचेही १,०३५, आणि तेही दुखऱ्या अंगाने; जानेवारीत त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टमध्ये कुंपणाला टेकून ज्यांनी ज्यांची नावं घेतली, ते सगळे जवळपास सांगितल्याबरहुकूम खेळले. आणि संघाचे गुण? बेकहॅम नसताना, २०१८मध्ये ३५९. बेकहॅम आल्यावर, २०१९मध्ये ३३५. रकमा सगळ्या बरोबर, बेरीज तेवढी चुकली. मेफिल्डचे २२ टचडाउन आणि २१ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी मध्येच झेललेले चेंडू. तीन सेकंद मिळायची सवय असलेल्या माणसाला दोनच मिळाले की तो आधी पळायला बघतो, मग घाबरायला शिकतो.

(पडद्यावर: २०२०. रिकामं बेरिया. कुलूप लावलेलं फाटक.)

पुढच्या उन्हाळ्यात बेरियाला कुणीच नव्हतं. कोविडमुळे सराव चाहत्यांना बंद. कुंपण नाही, गर्दी नाही, भुंकणं नाही. नवे प्रशिक्षक केव्हिन स्टेफान्स्की. त्यांच्याबरोबर भिंत घडवणारे जुने जाणते बिल कॅलाहॅन. उजवीकडे जॅक कॉन्क्लिन विकत घेतला, डावीकडे निवडीतल्या दहाव्या क्रमांकावर जेड्रिक विल्स, आणि झाइटलरच्या जागेवर आदल्या वर्षी आलेला वायट टेलर. या खरेदीवर कुणी फटाके वाजवले नाहीत.

पहिला सामना ३८-६ असा हरले. ‘पुन्हा तेच’ असं म्हणून अनेकांनी टीव्ही बंद केला असेल. २५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत बेकहॅमचा गुडघा गेला, वर्ष संपलं. त्या क्षणापर्यंत त्या सामन्यात मेफिल्डचा एकही पास पूर्ण झाला नव्हता. त्यानंतर त्याने सलग २१ पूर्ण केले, पाच टचडाउन टाकले, सामना ३७-३४ असा काढला. बेकहॅम नसल्याने संघ सुधारला असं म्हणणारे त्या आठवड्यात पुष्कळ निघाले. मला ते पटत नाही. झेल घेणाऱ्याचा दोष कशात होता? त्याच्याकडे चेंडू पोचायला लागणारा वेळ आता कुठे मिळू लागला होता, इतकंच. हंगामात ११ विजय आले आणि १८ वर्षांनी प्ले-ऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीत, जागा मिळाली.

(पडद्यावर: १० जानेवारी २०२१. पिट्सबर्ग. रात्र, तुरळक प्रेक्षक.)

प्रशिक्षक स्टेफान्स्की यांना कोविड झालेला. ते क्लीव्हलँडच्या घरात, तळघरात टीव्हीसमोर. डाव्या बाजूचा मुख्य गार्ड जोएल बिटोनियो, वर्षानुवर्षं पराभव पचवलेला, तोही कोविडमुळे घरीच. सामन्यातला पहिलाच चेंडू पिट्सबर्गच्या क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून मागे उडाला आणि ब्राउन्सनी झडप घालून टचडाउन केला. पहिलं सत्र संपताना २८-०. अखेर ४८-३७. १९९५च्या १ जानेवारीनंतरचा हा पहिला प्ले-ऑफ विजय. मेफिल्डला त्या रात्री कुणी एकदाही पाडू शकलं नाही.

चौथ्या सत्रात बिटोनियोच्या जागी खेळणाराही जखमी होऊन बाहेर गेला. आत आला ब्लेक हान्स. काही दिवसांपूर्वीच जेट्सच्या सराव पथकातून उचललेला. सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये मेफिल्ड त्याच्याजवळ गेला होता. दोघं त्याआधी कधी भेटले नव्हते, म्हणून त्याने हात पुढे करून स्वतःचं नाव सांगितलं.

(पडद्यावर: चौथं सत्र. डावीकडून दुसरी पाठ खाली वाकते. चेंडू मागे जातो.)