दांडिया बाजारातल्या 17 पायऱ्या

(लाकडी जिना. कठड्यावर काकूंचा हात.)

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांचे जिने उभे चढणीचे. या जिन्याला 17 पायऱ्या आहेत. गुडघा बदलून आलेल्या काकूंना त्या दिवशी खुर्चीत बसवून वर नेलं होतं. आज त्या आपल्या पायांनी उतरताहेत.

"काकू, उतरताना दुखरा पाय आधी."

फिजिओथेरपिस्ट ताई एक पायरी खाली उभी आहे. तिचा हात काकूंच्या कमरेपाशी आहे, पण टेकलेला नाही. तो हात नीट बघा. कधी धरायचं आणि कधी सोडायचं, यातच तिची सगळी विद्या आहे.

(पलंग. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी.)

गुडघा खाली दाबायचा, मांडी आवळायची, पाच मोजून सोडायची. दिसायला अगदी साधं! पण ऑपरेशननंतर मांडीचा स्नायू सुस्तावतो, त्याला असंच जागं करावं लागतं. मग ताई पट्टीने कोन मोजते. पहिल्या आठवड्यात गुडघा 65 अंश वाकत होता, आज 98. जिना उतरायला साधारण 90 तरी लागतात. काकूंना अंशांचं काय! त्यांना खाली ओट्यावर बसायचंय.

फिजिओथेरपी करून आल्यावर अजूनही लोक म्हणतात, "शेक घेऊन आलो." शेकाने दुखणं थोडा वेळ हलकं होतं, हे खरं. पण तेवढ्या वेळात हालचाल केली नाही, तर आखडलेला सांधा मोकळा व्हायचा कसा?

थांबवणंही तिचंच काम. पोटरी सुजली, गरम लागली, तर ती व्यायाम बंद करून लगेच डॉक्टरांना कळवते. रक्ताची गुठळी असू शकते.

(जुम्मादादा व्यायाम मंदिराचं आवार.)

इथलेच प्रो. माणिकराव कसरत शिकवत आणि हाडंही बसवत. व्यायाम आणि उपचार यांचं नातं बडोद्याला जुनंच आहे. आज ते आयसीयूत छातीतला कफ सोडवण्यापर्यंत, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचाल अवघड होणं) असलेल्या मुलाला खेळता खेळता उभं करण्यापर्यंत पोचलंय. अर्धांगवायू झालेला माणूस तीच वाटी पुन्हा पुन्हा उचलतो. मेंदू त्यातूनच नव्याने शिकतो.

(पुन्हा जिना.)

दहाव्या पायरीवर काकूंनी दम खाल्ला. ताई घाई करत नाही.

मग ओटा. काकू टेकल्या, पदराने घाम पुसला, समोरच्या घरातल्या वहिनींना हाक मारली. अर्ध्या तासाने उठल्या आणि कठडा धरला.

"चढताना चांगला पाय आधी ना गं?"