शकुंतलाबाई आणि आमच्या घरातली खडाजंगी

मंडळी, नमस्कार. वडे तळून होईपर्यंतच तुम्ही माझं ऐकणार, तेव्हा थोडक्यात आटपतो.

परवा आमच्याकडे जोरदार वाजलं. लेक म्हणते, सिव्हिल इंजिनिअरिंग करणार. मी म्हटलं, "उन्हातान्हात साइटवर उभी राहणार? मुकाट्याने कॉम्प्युटर घे." तर म्हणाली, "बाबा, तुम्हीही सिव्हिलच केलंत ना? मग तुमचा एखादा पूल दाखवा." काय दाखवणार, कपाळ? सिव्हिलची पदवी माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, आणि जन्म गेला एक्सेलमध्ये.

मग तिनेच मला शकुंतला भगत सांगितल्या. माहेरच्या जोशी, वडील एस. बी. जोशी, पुलांचे नामांकित अभियंते. 1953 साली मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजातून सिव्हिलची पदवी घेतली, ती घेणाऱ्या देशातल्या सुरुवातीच्या महिलांपैकी एक. व्हीजेटीआय म्हटलं की इथे चार कॉलरी ताठ होतात, पण हे नाव त्यातल्या किती जणांना माहीत होतं?

पुढे आयआयटी मुंबईत त्यांनी शिकवलंही. पण खरी गंमत त्यांच्या पुलांत आहे. दर पुलाचं डिझाइन नव्याने कशाला करायचं? ठरावीक मापाचे पोलादी भाग कारखान्यात बनवा आणि दोन खांबांमधला गाळा किती लांब, रस्ता किती रुंद, वाहतूक किती जड हे बघून तेच भाग हवे तसे जोडा. थेट खेळण्यातला मेकॅनो! पती अनिरुद्ध यांच्याबरोबर त्यांनी त्यासाठी 'क्वाड्रिकॉन' कंपनी काढली. नव्या पद्धतीवर पैसे लावायला ना सरकारी खातं तयार, ना गुंतवणूकदार. शेवटी दोघांनी पदरचे घातले. 1972 मध्ये हिमाचलातल्या स्पितीत दोन छोटे पूल चार महिन्यांत उभे राहिले. 1978 पर्यंत काश्मीर ते अरुणाचल असे 69 झाले.

आणि आपण? 15 सप्टेंबरला, अभियंता दिनी, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालायचा, फॉरवर्ड पाठवायचे, आणि घरातल्या पोरीने सिव्हिल म्हटलं की तोंड वाकडं. हसू नका, तुमच्याही घरी हेच चालतं.

हे सगळं ऐकून मी विरघळलो होतो. पण बायको म्हणाली, "शकुंतलाबाईंना अडलं तर विचारायला घरात पूल बांधणारे वडील होते. हिने कुणाला विचारायचं? तुम्हाला?"

याला काय उत्तर देऊ? फॉर्म भरायची मुदत महिनाअखेरची आहे.