मॉनिटर लुकलुकतोय? आधी केबल, मग कर्नल

लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा मॉनिटर लिनक्सवर लुकलुकतो, अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी त्याला आधी कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, आवृत्ती विचारत नाही. पडद्यावर नेमकं काय होतं, ते सांगायला लावतो. पुष्कळांना ते सांगता येत नाही. त्यांनी पाच कर्नल पॅरामीटर (बूट होताना कर्नलला दिलेल्या सूचना) टाकून पाहिलेले असतात, पण पडद्याकडे दोन मिनिटं नीट पाहिलेलं नसतं.

तर आधी पाहायचं. पडदा एक-दोन सेकंद पूर्ण काळा होतो आणि परत येतो, कधीकधी खिडक्या उड्या मारून लॅपटॉपच्या पडद्यावर जातात, असं असेल तर लॅपटॉप आणि मॉनिटरमधला दुवा तुटतोय आणि पुन्हा जुळतोय. चित्र जागेवर आहे, पण गडद भागात बारीक पांढरे-रंगीत ठिपके चमकतात किंवा आडव्या रेघा येतात? बिट वाटेत गळताहेत, केबलकडे बघा. चित्र क्षणभर बाजूला सरकतं, अर्धा पडदा झटका खातो? ग्राफिक्स चिपला मेमरीतून डेटा वेळेवर मिळत नसण्याची शक्यता आहे. चित्र व्यवस्थित, फक्त उजेड थरथरतो? मग ‘व्हेरिएबल रिफ्रेश रेट’, म्हणजे फ्रेमप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय, बंद करून बघा. व्हीए आणि ओएलईडी पडद्यांवर फ्रेमचा वेग खालीवर झाला की उजेड हलतो, आणि त्यात लिनक्सचा काही दोष नसतो. एकच खिडकी फडफडत असेल, तर तो त्या अॅपचा किंवा कंपोझिटरचा, म्हणजे सगळ्या खिडक्या जुळवून पडदा रंगवणाऱ्या प्रोग्रॅमचा, प्रश्न. बाकी सगळं सोडून द्या.

आता थोडा हिशेब, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ त्यात असतं. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, सेकंदाला ६० वेळा. जवळजवळ ५० कोटी पिक्सेल झाले. प्रत्येकाला २४ बिट धरले तर सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट, आणि ओळींमधली मोकळी जागा धरून त्याहून जास्त. एचडीएमआय १.४ ची क्षमता १०.२ गिगाबिट, त्यातले चित्राच्या वाट्याला ८.१६ येतात, कारण दर ८ बिटांसाठी तारेवर १० पाठवावे लागतात. म्हणून तिथे फोर-के ३० हर्ट्झवर थांबतं. एचडीएमआय २.० चे १८ गिगाबिट, हातात १४.४. आता तुम्ही रंगाची खोली ८ वरून १० बिटांवर नेली, तर नुसत्या पिक्सेलचेच १४.९ होतात. मावत नाही.

यूएसबी-सी तर आणखी फसवं. त्या पोर्टातून डिस्प्लेपोर्टच्या (ही एचडीएमआयसारखीच चित्र नेणारी जोडणी) चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा, जाऊ शकतात. पण डॉकला, म्हणजे एका केबलवर अनेक पोर्ट देणाऱ्या डब्याला, वेगवान यूएसबीही हवं असेल, तर दोन लेन तिकडे जातात आणि चित्राला दोनच उरतात. प्रत्येक लेन ५.४ गिगाबिटची असेल तर चित्रासाठी ८.६४ उरले. शिवाय डॉकला दोन मॉनिटर लावले, तर त्यातच दोघांची वाटणी. म्हणजे डॉक बिघडलेला नसतो, आपण त्याच्याकडून न जमणारं मागत असतो.

म्हणून माझी पहिली चाचणी नेहमी हीच: रिफ्रेश रेट ६० वरून ३० वर आणा. सेटिंग्जमधून आणा, नाहीतर एक्स (लिनक्सची जुनी डिस्प्ले व्यवस्था) वापरत असाल तर एक्सरँडआर या कमांडने. लुकलुक थांबली तर संशय केबल, अडॅप्टर, डॉक यांच्यावर जातो. पूर्ण खात्री नाही, कारण वेग कमी केल्यावर मेमरीवरचा ताणही उतरतो. तो फरक लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, कळेल. थांबली नाही, तर केबल बदलण्यात लगेच पैसे घालवू नका, आधी लॉग बघा. एक्सरँडआरमध्ये ‘मॅक्स बीपीसी’ नावाचा, रंगाची खोली जास्तीत जास्त किती बिट ते ठरवणारा गुणधर्म बहुतेक ड्रायव्हर दाखवतात. तो ८ वर ठेवून पाहणं हीसुद्धा झटपट चाचणी आहे, आणि पुष्कळदा तोच कायमचा इलाज ठरतो. डोळ्याला फरकही जाणवत नाही.

आता लॉग. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर टर्मिनल उघडा आणि ‘जर्नलसीटीएल डॅश के डॅश एफ’ चालू ठेवा. शेजारी दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘यूडेव्हएडीएम मॉनिटर’, म्हणजे उपकरण लागलं-निघालं की यूडेव्ह तिथे कळवेल. आता एचडीएमआयचं किंवा यूएसबी-सीचं टोक दोन बोटांत धरून हलकेच वर, खाली, डावीकडे ढकला. ओढायचं नाही, नुसता भार द्यायचा. पडदा काळा झाला आणि त्याच क्षणी यूडेव्हच्या खिडकीत ‘चेंज’ची ओळ पडली, तर मॉनिटर निघाला आणि परत लागला, असं लॅपटॉपला वाटतंय. पोर्ट सैल आहे नाहीतर केबलचं टोक गेलंय. जगातला कुठलाही कर्नल पॅरामीटर ते घट्ट करणार नाही.

कर्नलच्या खिडकीत ‘लिंक ट्रेनिंग’ अयशस्वी झाल्याचं दिसलं, तर डिस्प्लेपोर्टचा दुवा जुळत नाहीये. हे ट्रेनिंग म्हणजे खराब लाइनवरच्या फोनसारखं असतं: “ऐकू येतंय का?” “नाही, जरा मोठ्याने.” लॅपटॉप व्होल्टेज वाढवून पाहतो, मॉनिटर ‘ऑक्स’ नावाच्या वेगळ्या वाहिनीवरून उत्तर देतो. शेवटी जमलंच नाही तर वेग किंवा लेन कमी करून पुन्हा सुरुवात. लांब, स्वस्त केबलवर हा संवाद कसाबसा जुळतो आणि मधेच तुटतो. इंटेलच्या चिपवर ‘फिफो अंडररन’ असे शब्द आले, तर मात्र केबल निर्दोष समजा. तिथे डेटा चिपपर्यंतच वेळेत पोचला नाही.

ईडीआयडीच्या (मॉनिटर स्वतःची ओळख आणि क्षमता लॅपटॉपला सांगतो, ती माहिती) तक्रारी दिसल्या, तर मधला अडॅप्टर किंवा केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड अनेक संगणकांना जोडणारा) काढून थेट जोडून पाहा. बाकी त्यात फार काही नाही.

कंपोझिटर दोषी आहे का, हे तपासायला कंट्रोल-अल्ट-एफ-३ दाबून साध्या कन्सोलवर जा. तिथेही लुकलुकत असेल तर केडीई, ग्नोम हे डेस्कटॉप आणि एक्सच्या जागी आलेलं वेलँड, सगळे सुटले. उलट बाजूने मात्र निष्कर्ष काढू नका, कारण कन्सोलवर काम इतकं कमी असतं की काही दोष तिथे दिसतच नाहीत.

आता कर्नल पॅरामीटर. इंटेलच्या लॅपटॉपसाठी सर्वात जास्त फिरणारा सल्ला म्हणजे ‘एनेबल पीएसआर बरोबर शून्य’. पीएसआर, म्हणजे ‘पॅनेल सेल्फ रिफ्रेश’, ही सोय लॅपटॉपच्या अंगच्या पडद्यासाठी आहे. चित्र बदलत नसलं की पडदा स्वतःच्याच स्मृतीतून ते दाखवत राहतो. तुमचा एचडीएमआयवरचा मॉनिटर त्या वाटेने जातच नाही. अंगचा पडदा थरथरत असेल तर हा सल्ला रास्त, बाहेरच्यासाठी तो अंधारातला दगड. अंडररन दिसत असेल तर ‘एनेबल डीसी’ किंवा ‘एनेबल एफबीसी’ या वीज वाचवणाऱ्या सोयी शून्य करून पाहण्यात अर्थ आहे. एएमडीच्या एकात्मिक चिपवर पांढरे झगमगाट येत असतील, तर ‘एसजी डिस्प्ले’ हा पॅरामीटर शून्य करून पाहा. तिथेच मेमरीचा वेग वरखाली होताना झटका बसतो असा संशय असेल, तर पॉवरची पातळी तात्पुरती ‘हाय’वर बांधा. झटके गेले तर कारण सापडलं. पण लॅपटॉप तसाच ठेवू नका, पंखा ओरडत राहील.

यातलं काहीही लगेच फाइलमध्ये लिहू नका. संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या बूट मेनूत ‘ई’ दाबा, लिनक्सच्या ओळीच्या शेवटी पॅरामीटर जोडा, एफ-१० ने बूट करा. ते एका बूटपुरतंच टिकतं. त्याच मेनूत जुना कर्नलही असतो. त्यावर सगळं शांत असेल, तर कुठल्या आवृत्तीत बिघडलं याचा मोठा धागा हाती लागला.

एक गंमत सांगतो, कारण ऐकणारा हमखास हसतो. खुर्चीवरून उठलं की मॉनिटर काळा होतो, अशी तक्रार खरी असू शकते. गॅस-लिफ्टच्या खुर्चीत उठता-बसता स्थिर वीज साठून सुटते, त्या ठिणगीचा विद्युतचुंबकीय धक्का कमकुवत आवरणाच्या केबलला लागतो आणि दुवा क्षणभर तुटतो. अशा वेळी चांगल्या आवरणाची, आखूड केबल लावा.

डॉक असेल तर ‘एफडब्ल्यूअपडीएमजीआर’ या कमांडने त्याच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट आहे का ते बघून घ्या. डिस्प्लेलिंक चिपचा डॉक असेल तर गोष्टच निराळी. तिथे चित्र प्रोसेसरवर आकुंचित होऊन यूएसबीने जातं, त्यामुळे वरचा लेनचा हिशेब लागू पडत नाही.

एवढं करून दोष ड्रायव्हरचाच निघाला, तर फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर इंटेल आणि एएमडी दोघांच्याही ड्रायव्हरच्या तक्रारी घेतल्या जातात. कर्नलची आवृत्ती, कुठला पोर्ट, मधे काय काय आहे, रिझोल्यूशन आणि हर्ट्झ, आणि ‘डीआरएम डीबग’ (ग्राफिक्सच्या सविस्तर नोंदी लिहायला लावणारा पॅरामीटर) चालू ठेवून लुकलुक झाली त्या मिनिटाचा लॉग, एवढं द्या. नवा कर्नल आला की लावलेला पॅरामीटर एकदा काढून पाहा. दुरुस्ती कधीच झालेली असते आणि आपण उगाच बॅटरी जाळत बसतो.